मैना एकटीच परत आली

माझ्या धाकट्या नातवाला, अर्णवला, कॅनडातल्या शाळेत 'आजी-आजोबा काय काम करत होते' यावर चार ओळी लिहायच्या होत्या. त्याने लिहिलं, 'माझी आजी मुंबईला मुलुंडमध्ये राहते. ती नर्स होती. सुट्टीच्या दिवशी ती डोंगरावर जाऊन घोड्यांची वाट बघायची.' माझ्या लेकीने तो कागद मला फोनवर दाखवला आणि दोघी हसलो. नंतर वाटलं, मुलाने चुकीचं काहीच लिहिलेलं नाही. बत्तीस वर्षं मी एका उपनगरी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत होते. त्यातली शेवटची दहा आणि निवृत्तीनंतरची दहा-बारा वर्षं मी लांब पल्ल्याच्या घोडेस्वारीत सुरक्षेचं काम पाहिलं. त्या कामात नव्वद टक्के वाट पाहणंच असतं. उरलेले दहा टक्के कधी येतील ते ठाऊक नसतं, म्हणून वाट नीट पाहावी लागते.

हे आता लिहायला बसण्याचं कारण अर्णवची बहीण तारा. ती तिकडे घोड्यावर बसायला शिकली आहे आणि येत्या जूनमध्ये डोंगराळ भागात पन्नास किलोमीटरच्या राइडला जाणार आहे. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला, "आजी, तुझी ती सेफ्टीची लिस्ट पाठव ना." यादी एका पानाची आहे, पाठवते. पण तारा, तिची पहिली ओळ कशी आली हे कळल्याशिवाय ती यादी तुझ्या उपयोगाची नाही. या दिवाळी अंकासाठी संपादकांनी 'कामाबद्दल काही लिहा' म्हटलं तेव्हा ठरवलं, तेच लिहावं.

आधी बाकीच्यांसाठी थोडं. लांब पल्ल्याची राइड म्हणजे रेसकोर्सवरची शर्यत नव्हे. चाळीस, साठ, कधी ऐंशी किलोमीटर माळरानातून, डोंगरातून जायचं. वीसेक किलोमीटरचा एक फेरा झाला की मुख्य तळावर परत यायचं. तिथे पशुवैद्य घोडा तपासतो. त्याची नाडी ठरलेल्या वेळात मिनिटाला चौसष्टच्या खाली आली पाहिजे. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली की लगेच सपाट झाली पाहिजे, नाहीतर अंगातलं पाणी कमी झालंय. पोटाला नळी लावून आतड्यांचा आवाज ऐकतात आणि शेवटी दुडक्या चालीने पळवून लंगडतोय का ते पाहतात. यातलं एक जरी बिघडलं तरी घोडा बाद. स्वार कितीही रडला तरी बाद. मला हा खेळ आवडला तो याच नियमामुळे.

आमचा क्लब उपनगरातला. तबेला बोरिवलीला खाडीच्या अंगाला, मीटिंगा अंधेरीत कुणाच्या तरी घरी आणि स्वार मुलुंड, घाटकोपर, वांद्रे असे सगळीकडचे. राइड मात्र माळशेज घाट चढून गेल्यावरच्या पठारावर. घोडे आदल्या दिवशी ट्रकमधून जात. त्या पठारावर मोबाइलला रेंज लागली तर लागते, चांगलं हॉस्पिटल दीड तासावर, आणि अर्ध्या वाटेवर जीपशिवाय काही जात नाही. मी तिथे पहिल्यांदा गेले ती एका दिवसासाठी, पट्ट्या बांधायला. पाहते तर कोण कुठे आहे हे कुणालाच माहीत नाही! 'येतील हो सगळे,' एवढीच व्यवस्था. पुढच्या राइडला मी स्वतःच एक रजिस्टर घेऊन गेले आणि त्यानंतर कुणी मला घरी पाठवलं नाही.

माझी पद्धत साधी होती. वाटेवर ठिकठिकाणी चौक्या आणि प्रत्येक चौकीवर एक माणूस, वॉकीटॉकी घेऊन. स्वार गेला की त्याचा नंबर आणि वेळ मला कळवायची. पुढच्या चौकीवर तो कधी पोचायला हवा ते मी आधीच काढून ठेवायची. त्या वेळेला वीस मिनिटं उशीर झाला की शोध सुरू. मग 'चहा प्यायला थांबला असेल', 'फोटो काढत असेल' हे कुणी सांगायचं नाही. विसाव्या मिनिटानंतर मी कुणाचं ऐकत नाही, हे क्लबात सगळ्यांना पाठ होतं. आमचे पशुवैद्य डॉ. परब मूळचे मालवणचे. ते माझ्या रजिस्टरला पोथी म्हणायचे. "सिस्टर, पोथी वाचून झाली काय गो? मग चाय घे."

स्वारांकडून मी रक्तगट, औषधं, ॲलर्जी, घरचा फोन असं सगळं लिहून घ्यायची. घाटकोपरचे शहाभाई मोठे हौशी स्वार. ते रक्तगटाचा रकाना दर वेळी कोरा सोडायचे. "सिस्टर, तुमी रक्त रक्त लिहून घेता ना, म्हणूनच माणस पडते." शेवटी मी त्यांच्या बायकोला फोन करून रक्तगट विचारला. त्या म्हणाल्या, "ते पडले आहेत का?" मी म्हटलं, "अजून नाही." त्या दिवसापासून शहाभाई रकाना भरायला लागले, कारण त्याशिवाय बायको त्यांना घराबाहेर सोडत नव्हती.

आता माझ्या पिशवीबद्दल. तिचा मला फार अभिमान होता. खोगिराला मागे बांधायची रेक्झिनची पिशवी, साकीनाक्याच्या एका बॅगा शिवणाऱ्या कारागिराकडून मी स्वतः उभी राहून करून घेतली. आत सहा कप्पे. पहिल्यात फोन, दुसऱ्यात शिट्टी आणि आरसा, तिसऱ्यात खाण्याचं गोड, चौथ्यात पट्ट्या, पाचव्यात स्वाराची औषधं, सहाव्यात नकाशा. प्रत्येक स्वाराची पिशवी अगदी सारखी, म्हणजे अंधारात, घाईत, कुणाच्याही पिशवीतून हवं ते हाताला लागावं. निघण्याआधी मी स्वतः तपासायची आणि चेनला लाल टेपचं सील लावायची. मधेच कुणी उघडून पसारा करू नये म्हणून.

आणि खिसे रिकामे. हा माझा दुसरा नियम. त्याला कारण होतं. कॅज्युअल्टीत मी मोटरसायकलवरून पडलेली माणसं पाहिली होती, ज्यांच्या खिशातली किल्ली मांडीत रुतलेली असायची. तेव्हा पडणाऱ्या माणसाच्या खिशात काही असू नये, हे मी पक्कं ठरवलं होतं. नियम दिसायला निर्दोष होता. माझे नियम नेहमीच दिसायला निर्दोष असतात, असं माझी लेक म्हणते.

प्रज्ञा आमच्याकडे आली तेव्हा सव्वीस वर्षांची होती. अंधेरीत एका लॅबमध्ये कामाला, राहायला मुलुंडलाच, माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून. आईवडील जालन्याकडून आलेले. अकराव्या वर्षापासून तिला मधुमेह होता, इन्शुलिनवाला. मी तिला डोस, खाण्याच्या वेळा यांवरून पंधरा प्रश्न विचारले तर म्हणाली, "सिस्टर, मी पाचवीपासून स्वतःला सुया टोचतेय. तुम्ही घोड्याचं बघा ना." मला ती लगेच आवडली. तिची घोडी मैना, काठेवाडी, लहानखुरी आणि जरा भित्री.

त्या डिसेंबरच्या राइडला साठ किलोमीटर होते, वीस-वीसचे तीन फेरे. सकाळी साडेसहाला सुटायचं होतं. मी रांगेने सगळ्यांचे खिसे तपासत होते. प्रज्ञाच्या पँटच्या खिशात लिमलेटच्या गोळ्या निघाल्या, मूठभर, कागदात बांधलेल्या.

"या पिशवीत," मी म्हटलं.

"अहो सिस्टर, गोळ्याच आहेत. त्या काय मांडीत घुसणार?"

"नियम म्हणजे नियम. कप्पा तिसरा."

"आई रोज देते. सवय आहे मला."

"मग पिशवीतून घ्यायची सवय कर."

तिने डोळे फिरवले आणि गोळ्या माझ्या हातावर ठेवल्या. मी त्या तिसऱ्या कप्प्यात ठेवल्या, सील लावलं आणि रजिस्टरमध्ये बरोबरची खूण केली.

पहिला फेरा छान झाला. मैनाची नाडी झटकन उतरली. विश्रांतीत प्रज्ञाने अर्धीच पोळी खाल्ली. मी ते लिहून ठेवलं आणि तिला बोललेही, पण ती घोडीच्या पायांवर पाणी मारण्यात गुंग होती. आठ पन्नासला ती दुसऱ्या फेऱ्याला निघाली. नऊ वीसला टाकीच्या चौकीवरून निरोप आला, सात नंबर गेली, म्हणजे प्रज्ञा. पुढची चौकी आंब्याची, आठ किलोमीटरवर. तिथे ती दहाला पोचायला हवी होती.

दहा वाजून दहा मिनिटांनी मैना तळावर परत आली. एकटीच.

ती धावत नव्हती. शांतपणे चालत, लगाम तुटून लोंबत असलेली, थेट आपल्या पाण्याच्या घमेल्याशी येऊन उभी राहिली. पाठीवर खोगीर जागच्या जागी होतं. खोगिराला माझी पिशवी होती आणि पिशवीवर लाल सील, कुठेही न फाटलेलं.

मी त्या सीलकडे पाहतच राहिले. फोन आत, शिट्टी आत, आरसा आत, गोळ्या आत. मुलीला वाचवायला लागणारी एकूण एक वस्तू मी क्रमवार लावून, बंद करून, घोडीबरोबर घरी मागवून घेतली होती. पडलेल्या माणसाजवळ घोडा थांबत नाही, हे तिथल्या अगदी नवख्यालाही कळलं असतं. मला कळलं नव्हतं, कारण मी जन्मात कधी घोड्यावर बसलेली नाही.

"गो सिस्टर," डॉ. परब जवळ येऊन हळूच म्हणाले, "आता हयसर उभी रवान काय होतला? तुझी पोथी काय सांगता ती बघ."

त्यांनी घोडीवरून हात फिरवला. नाडी शांत होती. मानेवरचा घाम वाळून पांढरा झाला होता. म्हणजे ती बराच वेळ रमतगमत आली होती. तोंडात हिरवं गवत. पण पोट आणि पाय ओले, अजून थेंब गळत होते.

"अर्धा तास तरी झालो पडान," डॉक्टर म्हणाले.

म्हणजे नऊ चाळीसच्या सुमारास. टाकीवरून निघून वीस मिनिटं, तिच्या चालीने चार किलोमीटर. मी नकाशावर बोट ठेवलं.

तळावर घोड्यांना पाणी देणाऱ्या ठकूबाई होत्या. विहीर त्यांचीच. साठीच्या, काटक, घोड्यांशी माणसांसारखं बोलणाऱ्या. त्या मैनाच्या पोटाखाली वाकून पाहत होत्या. "पाणी एकाच ठिकाणी हाय या दिसात. डोहात. घोडी वाट सोडून डोहातनं सरळ घराकडं आली. म्हंजी पोरगी डोहाच्या पल्याड, बोरीच्या माळाला."

माझं बोट बोरीच्या माळावरच होतं. आठ किलोमीटरची वाट आता दीड किलोमीटरवर आली.

विसाव्या मिनिटाला अजून दहा मिनिटं बाकी होती, पण वाट पाहायचं आता काही उरलं नव्हतं. मी वॉकीटॉकी उचलला. सगळे स्वार आहेत त्या चौकीवर थांबतील. आंब्याच्या चौकीवरचा माणूस शिट्टी वाजवत उलटा चालत येईल. ॲम्ब्युलन्स डांबरी रस्त्यावर तोंड हॉस्पिटलकडे करून उभी राहील. हे सगळं मी पूर्वी चार वेळा तालीम करून घेतलं होतं, लोक कुरकुरत असताना. त्या दिवशी कुणी एक प्रश्न विचारला नाही. रजिस्टर मी डॉ. परबांच्या हातात दिलं.

"माझ्या खुर्चीत बसा. प्रत्येक वेळ लिहा."

"पोथी माझ्याकडे?" ते म्हणाले, पण बसले.

जीपमध्ये ड्रायव्हर, मी, ठकूबाई आणि एक स्ट्रेचर. पिशवी मांडीवर होती. सील फाडलं, तिसरा कप्पा उघडला. लिमलेटच्या गोळ्या जशा ठेवल्या तशा. पहाटे साडेपाचला इन्शुलिन, त्यावर अडीच तास घोडेस्वारी आणि अर्धी पोळी. साखर कुठवर उतरली असेल याचा हिशोब मला नर्स म्हणून येत होता आणि तो थांबवता येत नव्हता.

ठकूबाई गोळ्यांकडे पाहत होत्या. "हे त्या पोरीचं औषध?"

"तिची साखर कमी झाली तर लगेच खायचं."

"आन् ते घोडीवर ठिवलं?"

मी कप्पा बंद केला.

"बाई, तुमी एवढ्या शिकल्या-सवरल्या," ठकूबाई म्हणाल्या. त्यांनी कमरेला खोचलेली घराची किल्ली काढून माझ्यासमोर धरली. "म्या ही कनवटीला ठिवते. म्हशीच्या गळ्यात बांधते व्हय?"

ड्रायव्हरने एकदम गिअर बदलला. हसू दाबायला असावं किंवा चढण आली म्हणून. मला पुढच्या सगळ्या वर्षांत कुणी इतकं नेमकं बोललं नाही.

डोहापाशी जीप थांबली. पुढे चालत. मांडीभर पाण्यातून आम्ही गेलो, मी साडी कशीबशी वर धरून, ठकूबाई कासोट्यात सरसर पुढे. पलीकडे माळ चढल्यावर त्याच आधी ओरडल्या, "ही बघा!"

दहा पन्नास झाले होते. प्रज्ञा एका बोरीच्या झुडपाखाली आडवी पडली होती. डावा पाय घोट्यात वेडावाकडा. चेहरा पांढराफटक, कपाळावर थंड घाम, ओठ थरथरत होते. तिने डोळे अर्धवट उघडले आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "जा यार... झोपू दे."

"प्रज्ञा, तोंड उघड."

"तू जा. तुझी पिशवी घेऊन जा."

तिने मला कधी अगंतुगं केलं नव्हतं. साखर उतरली की माणसं चिडतात, हे मला माहीत होतं. तरी ते वाक्य फक्त साखरेचं होतं असं मी आजही म्हणणार नाही. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. गिळता येतंय ना ते पाहून बरोबर आणलेलं ग्लुकोजचं पाणी घोट घोट पाजलं. पहिला घोट तिने माझ्या पदरावर थुंकला. दुसरा गेला. पंधरा मिनिटं मी घड्याळ आणि तिचा चेहरा एवढंच पाहत होते. मग मी तिच्या पायाला फळी लावताना ठकूबाईंनी तिला धरून ठेवलं आणि सतत बोलत राहिल्या, "रड की गं, रड. मोठ्यानं रड. हितं कोण ऐकतंय?" शेवटी ती खरंच रडायला लागली, आणि ते रडणं शुद्धीवरचं होतं.

तेव्हा माझं तिच्या हातांकडे लक्ष गेलं. दोन्ही तळवे काट्यांनी ओरबाडलेले आणि बाजूला बोरांच्या बिया पडलेल्या. नंतर तिने सांगितलं, गवतातून तित्तर उडाला, मैना बिचकली आणि ही पडली. घोडी गेली तशी हिने खिशात हात घातला. मग मोडक्या पायाने फरपटत बोरीपर्यंत गेली आणि हाताला येतील ती बोरं खात राहिली. हात उचलता येईनासा झाला तेव्हा थांबली.

"बोरं होती म्हणून," ती स्ट्रेचरवर म्हणाली, "तुम्हाला शिव्या देण्यापुरतं बळ राहिलं."

हॉस्पिटलात तिच्या पायात धातूची पट्टी आणि स्क्रू बसले. संध्याकाळी तिची आई मुलुंडहून पोचली. मी बाहेर बाकावर बसले होते. काय झालं ते मी त्यांना सगळं सांगितलं, काही न गाळता. खिशातल्या गोळ्या मी काढल्या हेही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्या गोळ्या मी घालते तिच्या खिशात. पाचवीपासून. एक दिवस चुकलेला नाही." आणि उठून आत गेल्या. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मी अहवाल लिहिला. अंधेरीच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवला. 'स्वाराचे जीवनावश्यक साहित्य सुरक्षा प्रमुखांनी स्वतः काढून खोगिराच्या पिशवीत सीलबंद केले.' शहाभाई अस्वस्थ झाले. "सिस्टर, हे वाक्य काढा ना. घोडी बिचकली ते बस आहे. मुलगी बरी आहे." मी म्हटलं, घोडी पुन्हा बिचकणारच आहे, तिचं नाव लिहून काय होणार? वाक्य तसंच राहिलं. राजीनामाही मी लिहून नेला होता. डॉ. परबांनी तो वाचला, घडी घालून आपल्या खिशात ठेवला आणि म्हणाले, "आधी ती नवी यादी लिही. मग जा खंय जातंस ती."

दुसऱ्या दिवशी मी साकीनाक्याला गेले. त्याच कारागिराकडून कमरेला बांधायचा मऊ कापडी पट्टा शिवून घेतला, आत तीनच कप्पे. गोड, शिट्टी, फोन. हाडावर येणार नाही असा, पोटाच्या बाजूला. पहिला नमुना मी स्वतः बांधला आणि घरातल्या गादीवर दहा-बारा वेळा धाडकन पडून पाहिलं. वय एकसष्ट. खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन विचारून गेल्या, काय चाललंय म्हणून.

यादीची पहिली ओळ ठकूबाईंची आहे. 'जीव ज्याच्यावर आहे ते कनवटीला. घोड्यावर फक्त जे हरवलं तरी चालेल ते.' खोगिराची पिशवी राहिली, पण सील गेलं. आणि सुटण्याआधी नवा रिवाज सुरू झाला. मी ओरडायची, "हात कमरेवर!" सगळे स्वार कमरेवर हात ठेवून एकेक वस्तू चाचपून मोठ्याने म्हणायचे, "गोड! शिट्टी! फोन!" नवीन लोक हसायचे. पहिल्या वर्षी हसणाऱ्यांवर कोण खेकसलं असेल? प्रज्ञा. पुढच्या डिसेंबरला ती परत आली, त्याच मैनावर. रांगेत तिचा नंबर आला तेव्हा मी पट्टा तपासला. तो जागेवर होता. मग तिने पँटच्या खिशातून कागदाची पुडी काढून माझ्यासमोर धरली.

"या आईच्या. काढायच्या?"

"राहू दे," मी म्हटलं.

तारा, तुझा पट्टा शिवून झाला आहे. पार्सलमध्ये यादीखाली आहे, आणि लिमलेटच्या गोळ्या आहेत. तुला मधुमेह नाही हे मला माहीत आहे. तरी ठेव. काही पट्ट्यात ठेव, काही खिशात. तू पाठवलेला नकाशा मी छापून घेतला आहे आणि तुझ्या टप्प्यांच्या वेळा काढल्या आहेत. तुझ्याकडे सकाळचे सहा म्हणजे इथे संध्याकाळचे साडेपाच. निघण्याआधी मला फोन करत बसू नकोस, फक्त हात कमरेवर ठेव. मी मुलुंडला टेबलाशी असेन, रजिस्टर उघडं ठेवून. तुझ्या आयोजकांचा, चौक्यांचा आणि जवळच्या हॉस्पिटलचा नंबर मला मेपर्यंत हवा आहे.

पहिल्या चौकीवर तू माझ्या घड्याळाने सात वाजून दहा मिनिटांनी पोचायला हवीस. साडेसातपर्यंत मी चहा घेईन. त्यानंतर मी कुणाचं ऐकत नाही.